गिनीपिग पाळावयाचा तर

मुलांच्या हौशीखातर गिनीपिग आणून त्यास केवळ दाणे व कोंडा घालणे हे पशुपालन नव्हे. या प्राण्याच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते न मिळाल्यास सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते. म्हणून रोज ताजी कोथिंबीर व ढोबळ्या मिरचीची फोड द्यावी. दात जन्मभर वाढतात. ते झिजण्यासाठी वाळलेले गवत सदैव पुढ्यात असावे. त्याने खाणे सोडल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे. गुरांसाठी आणलेले पेनिसिलिन त्यास टोचू नये. आतड्यांतील उपयुक्त जंतू नष्ट होऊन प्राणी दगावतो. ग्रामसेवकांनी हे घरोघर समजावून द्यावे. एवढी निगा होणार नसेल, तर तो मुका जीव घरी आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.