भाच्याची मशीन आणि ताईचे पावतीबुक



या सदरात आजवर आपण शाळेच्या फीचा, लग्नखर्चाचा, बचत गटाच्या व्याजाचा हिशोब मांडला. आज एका जुन्या शिलाई मशीनचा हिशोब मांडतो. मशीन कापडाची नाही, चामडे शिवायची आहे. म्हणूनच ती घरात येण्याआधी आमच्याकडे दोन महिने वाद चालला. तसा वाद आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होऊ शकतो, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

माझी मोठी बहीण यवतमाळात दारव्हा रस्त्याला राहते. तिचा धाकटा मुलगा आय.टी.आय.मधून फिटर झाला, त्याला चार वर्षे झाली. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगमध्ये काम मिळते. कापूस संपला की काम संपले. उरलेल्या महिन्यांत तो एका बॅग दुरुस्तीच्या दुकानात रोजाने बसू लागला. तेथे त्याचा हात चांगला बसला. एके दिवशी येऊन म्हणाला, "मामाजी, मले सोताची मशीन घ्याची हाय. चामड्याची."

ताई भाकरी टाकून उठून आली. "तुह्या आज्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तवा गावानं किती दिवस कामाले बोलावलं नाही, इचार मामाले. त्यानं उपास काढले अन् तू पुन्हा चामडं घरात आनतं?"

ताईचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत मांसाची आणि लाचारीची कामे सोडायला सांगितले. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणातही त्यांनी हा विषय काढला होता. ढोरे ओढणे सोडल्यामुळे कातड्या-शिंगांच्या उत्पन्नाला तुम्ही मुकलात, असा हिशोब सांगणाऱ्यांना त्यांनी उलट विचारले होते की, एवढा नफा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? ताईला हे भाषण पाठ नाही. पण त्याचा अर्थ तिने वडिलांच्या आयुष्यात पाहिला आहे.

तिला आणखी एक भीती होती. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्या रस्त्यावर मारहाण झाली. ते दृश्य तिने टीव्हीवर पाहिले होते.

मी दोन दिवस विचार केला. लाहोरला होऊ न शकलेल्या आणि १९३६ साली छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे. माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून काम गळ्यात बांधणे, हा तिचा दोष. मग एखाद्या मुलाने शिकून, आवडीने एखादे काम निवडले, तर ते कोणत्या खात्यात टाकायचे? मी भाच्याला वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहायला लावले. हे काम तुला नाकारता येईल का? भाव कोण ठरवणार? मोबदला रोख मिळणार की कोणाच्या मर्जीने? या तिन्हींची उत्तरे सरळ असतील तर मशीन घे, एकही वाकडे असेल तर घेऊ नको. ताई म्हणाली, "लिहून ठेवा. म्या पायतो."

मग मशीन शोधायला निघालो.

चामड्याच्या दुरुस्तीसाठी आपल्याकडे जी जुनी मशीन नावाजलेली आहे ती सिंगर कंपनीची २९-के. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे सिंगरचा प्रचंड कारखाना होता. तो १८८० च्या दशकात उभा राहिला आणि १९८० मध्ये बंद झाला. तेथून मशिनी जगभर गेल्या, हिंदुस्थानातही आल्या. गरिबाला महागडी वस्तू हप्त्याने विकण्याची रीत रूढ करण्यात या कंपनीचा मोठा वाटा होता.

या मशीनचा हात लांब आणि निमुळता असतो. त्याच्या टोकाला लहानसे शटल. त्यामुळे बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात तो हात सहज शिरतो. कापडाच्या मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे ढकलतात. येथे वरचा पायच चामडे सरकवतो, आणि तो पाय गोल फिरवता येतो. म्हणजे वस्तू न वळवता हव्या त्या दिशेने टाका घालता येतो. तिच्या मर्यादाही आहेत. बॉबिन अगदी लहान, दोरा लवकर संपतो. जाड तळवे शिवणे तिचे काम नाही. बॅग, पट्टा, चपलेचा वरचा भाग, चेन, सीट कव्हर, यांसाठी ती उत्तम.

पहिली मशीन एका जुन्या मालाच्या दुकानात पाहिली. काळीकुळकुळीत, चकचकीत. दुकानदार अठरा हजार सांगत होता. भाच्याने बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर ताज्या रंगाखाली हाताला तडा होता आणि तो वेल्डिंगने भरलेला. मशीनचे अंग बिडाचे असते. बिडाला असा तडा गेला की भरवसा संपला. आम्ही रामराम करून निघालो. वाचकहो, जुन्या मशीनवर नवा रंग दिसला की आधी हात मागे घ्या.

दुसरी मशीन दिग्रसला मिळाली, एका वृद्ध चर्मकार कारागिरांच्या घरी. मुले पुण्यात नोकरीला, डोळ्यांना दिसत नाही, मशीन सात वर्षांपासून बंद. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता. बाबाजींनी आधी आमचे गाव, आडनाव विचारले. मग भाच्याचे दोन्ही तळहात धरून पाहिले. जिनिंगमधले घट्टे होते. म्हणाले, "काम करनाऱ्याचे हात हायेत. घेऊन जाय. इकून टाकू नोको मात्र." साडेनऊ हजारांत स्टँडसह व्यवहार ठरला. मी तेथेच दोन ओळींची चिठ्ठी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

घेण्यापूर्वी काय तपासले ते सांगतो. शटलच्या जागी बोट लावून चाक थोडे पुढे-मागे हलवावे. चाक हलते आणि शटल बराच वेळ जागचे हलत नाही, असे झाले तर हाताच्या आतील दातेरी पट्टी आणि दातेरी चाक झिजले आहेत. मग टाके सुटतात. टाका मोठ्यात मोठा ठेवूनही बारीकच पडत असेल, तर पाय सरकवणारे भाग झिजलेले आहेत. आमची मशीन जाम असल्याने टाका पाहता आला नाही. ती जोखीम समजूनच भाव पाडला. नंबरपट्टीही पाहावी. आमच्या मशीनच्या आकड्याआधी 'वाय' अक्षर आहे; म्हणजे ती क्लाइडबँकची, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली.

एप्रिल-मे हे दोन महिने दुरुस्तीत गेले. सुईची दांडी गंजून बसली होती. भाच्याने हातोडी उचलली, तेव्हा बाबाजींना फोन लावला. ते म्हणाले, "गंजासंगं भांडू नोको, त्याले भिजव." रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेल वापरले. रोज रात्री तेलाच्या भोकांतून थेंब-थेंब सोडायचे, दिवसा मशीन अंगणात उन्हात ठेवायची. यवतमाळच्या उन्हाळ्याचा असा उपयोग प्रथमच झाला. नवव्या दिवशी दांडी हलली. मग जुने चिकट तेल डिझेलने धुऊन काढले, भोके तारेने साफ केली आणि शिलाई मशीनचेच तेल दिले. खाण्याचे तेल कधी घालू नये. ते वाळून डिंकासारखे चिकटते. सोनेरी अक्षरांवर पॉलिश पेपर फिरवला नाही.

मोहल्ल्यातील लोक येऊन हसत, "शंभर वर्षांचं लोखंड हाय हे!" मी त्यांना आपल्या शकुंतलेची आठवण दिली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती गाडी १५ एप्रिल १९९४ पर्यंत मुर्तिजापूर-यवतमाळ ओढली. तेल-पाणी करणारे हात असले की लोखंड टिकते.

दातेरी पट्टी-चाकाचा जोड नागपुरातून मागवला. सुया घेताना लक्ष ठेवा. चामड्याच्या सुईचे टोक पात्यासारखे असते, ते कापत जाते; कापडाच्या सुईचे टोक गोल. आणि चामड्याला पडलेले भोक बुजत नाही. कापड उसवून पुन्हा शिवता येते, चामडे नाही. म्हणून भाच्याने पंधरा दिवस रद्दी तुकड्यांवरच हात बसवला.

आता खर्च. मशीन ९,५००, आणण्याचे भाडे ७००, दातेरी जोड १,८५०, शटल व बॉबिन ६५०, सुया २४०, पट्टा १८०, तेल, डिझेल, किरकोळ १९०, स्टँडची लाकडी फळी ४००, लेथवाल्याची मजुरी ६००. एकूण १४,३१० रुपये. यातील ८,३१० भाच्याचे जिनिंगमधील शिलकीतले, ६,००० मी हातउसने दिले. त्याचीही चिठ्ठी आहे. नात्यात चिठ्ठी कशाला, असे म्हणू नका. चिठ्ठीने नाते टिकते.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून मशीन ७८ दिवस चालली. जमा १९,८५० रुपये. दोरा, चेन, रेक्झिन, चामडे यांचा खर्च ७,४२०. शिल्लक १२,४३०. म्हणजे भांडवल फिटायला अजून १,८८० रुपये कमी आहेत, आणि यात भाच्याची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. शिल्लक दिवसांवर वाटली तर रोजचे साधारण १५९ रुपये पडतात. ते रोजमजुरीपेक्षा कमी आहेत. हे मी लपवत नाही. पुढच्या वर्षी मशीनचा खर्च नसेल, गिऱ्हाईक वाढेल, तेव्हा आकडा बदलेल असा अंदाज आहे. पण अंदाज जमेला धरायचा नसतो. म्हणून भाच्याला सांगितले आहे की, यंदाही कापसाच्या हंगामात जिनिंगला जायचे आणि नोकरीचे अर्जही भरायचे.

खरी परीक्षा मात्र पोळ्याच्या आठवड्यात झाली. जवळच्या खेड्यातून एक शेतकरी बैलांच्या घुंगरमाळा घेऊन आला. चामड्याचे पट्टे तुटले होते. त्याने त्या दारातूनच टाकल्या आणि म्हणाला, "शिवून ठेवजो रे. सुगीत पायलीभर जवारी घेऊन जाजो." बोलण्यात राग नव्हता, शिवी नव्हती. त्याच्या बापाची जी भाषा होती तीच त्याच्या तोंडी होती. भाचा गप्प राहिला. मी खुर्चीवर होतो, मलाही पटकन शब्द सुचला नाही.

ताई आतून आली. घुंगरमाळा उचलून तिने त्याच्या हातात परत दिल्या आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, इथं जवारी चालत नाही. दोन माळांचे एकशे वीस रुपये होतीन. उद्या चार वाजता मिळन. पावती भेटन. जमत असन तर खुर्चीवर बसा, नाही तर दुसरं दुकान हाय."

तो क्षणभर उभा राहिला. मग चप्पल काढून आत आला, बसला, आणि साठ रुपये आगाऊ दिले.

त्या रात्री ताईने भाच्याकडून वही मागून घेतली आणि पहिल्या पानावरचे तीन प्रश्न मला वाचून दाखवायला सांगितले. ऐकल्यावर म्हणाली, "पह्यल्याचं उत्तर आज भेटलं. नाही म्हनता येते."

ज्या घरांत असा विचार चालला असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. चामडे नेहमी कमावलेले, पक्के आणि बिलासह घ्या. बिल जपून ठेवा. २०१५ पासून आपल्या राज्यात गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे माल कोठून आला याचा कागद जवळ असलेला बरा. कर्ज हवे असल्यास अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मोची आणि शिंपी दोन्ही आहेत. अर्ज करण्यापूर्वी अटी स्वतः वाचा. आणि आपल्या मुलाला हे काम कोणी "तुमचंच तर आहे" म्हणून सुचवत असेल, तर तेथल्या तेथे नाही म्हणा. मुलाने स्वतः निवडले असेल, तर त्याच्या बाजूला बसून हिशोब शिकवा.

दिवाळीत भाचा दिग्रसला जाऊन बाबाजींना स्वतः शिवलेला कमरपट्टा देणार आहे. ताईचा विरोध पुरता मावळला आहे असे मी म्हणणार नाही. नातवाला ती मशीनजवळ अजून फिरकू देत नाही. आधी शाळा, म्हणते. पण छापील पावतीबुक तिने आपल्या ट्रंकेत ठेवले आहे. भाचा मागायला गेला तर म्हणाली, "मशीन तुही. पावतीबुक माह्याजवळ राहीन."

जयभीम!