एक नाव, तीन माणसं

मुलांनो, आज आधी कोडं आणि मग गप्पा. सांगा पाहू, संभाजीराजे हे शिवाजीमहाराजांचे कोण?

'मुलगा!' असं म्हणालात ना? बरोबर. पण तुमच्या शेजारचा मुलगा 'भाऊ' म्हणाला, तर तोही बरोबर आहे. आणि त्याची बहीण 'नातू' म्हणाली, तर तीही बरोबर! चकलात ना? मग वही-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर एक झाड काढा. आंब्याचं किंवा चिंचेचं नाही हं, वंशवृक्ष काढायचा आहे.

सगळ्यात वर लिहा शहाजीराजे आणि जिजाबाई. त्यांच्या खाली दोन फांद्या. थोरल्या मुलाचं नाव संभाजी, धाकटे शिवाजीमहाराज. हे थोरले संभाजीराजे कर्नाटकात कनकगिरीच्या लढाईत पडले. झाले पहिले संभाजी, महाराजांचे भाऊ. आता महाराजांच्या खाली दोन फांद्या काढा. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेले छत्रपती संभाजीमहाराज ही एक, आणि १६७० साली जन्मलेले राजाराममहाराज ही दुसरी. झाले दुसरे संभाजी, महाराजांचे पुत्र. राजाराममहाराजांना राजसबाईंपासून १६९८ साली मुलगा झाला. त्याचंही नाव संभाजी. पुढे हेच कोल्हापूरच्या गादीवर बसले. झाले तिसरे संभाजी, महाराजांचे नातू.

अजून गंमत संपली नाही बरं का! संभाजीमहाराज आणि येसूबाईंना १६८२ साली मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं शिवाजी. राजाराममहाराज आणि ताराबाईंना १६९६ साली मुलगा झाला, त्याचं नावही शिवाजी. म्हणजे दोन सावत्र भावांच्या घरी दोन शिवाजी, कारण दोघांचे आजोबा एकच.

आजोबांचं किंवा काकांचं नाव घरातल्या बाळाला ठेवायची ही आपली जुनी रीत. तुमच्याही घरी असेल. आपल्या चिंचवडच्या देव घराण्यात बघा. मोरया गोसावी, त्यांचे पुत्र चिंतामणी, नातू नारायण, आणि पणतू पुन्हा चिंतामणी! पेशव्यांकडेही तेच. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, आणि त्या बाजीरावांचे पुत्र बाळाजी बाजीराव, म्हणजेच नानासाहेब.

नाव राहतं, आठवण राहते, हे छानच. पण शे-दोनशे वर्षांनी कुणी कागद उघडला, की त्याची पंचाईत होते. दरवर्षी एखाद्या निबंधात नानासाहेब पेशवे पानिपतची बातमी ऐकून खचतात आणि पुढच्याच ओळीत १८५७ साली कानपुरात इंग्रजांशी लढतात! अहो, पहिले नानासाहेब १७६१ सालीच वारले. १८५७ चे नानासाहेब हे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. दोघांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे.

'थोरले' आणि 'दुसरे' या शब्दांनीही फसू नका. थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव हे बापलेक नव्हेत. मधे रघुनाथराव आहेत. दुसरे बाजीराव हे थोरल्यांचे नातू. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव हे तर काका-पुतणे. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या, त्या काळच्या कागदांतही हाच गोंधळ आहे. तिथे एकाच नावापुढे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' लिहिलेलं दिसतं. वाचणारे त्यांना बापलेक समजून वंशवृक्षात जोडून मोकळे होतात. पण त्या काळी त्याचा अर्थ एवढाच असायचा, की गावात या नावाचे दोन जण आहेत, हा वयाने मोठा आणि तो लहान. ते काका-पुतणे असतील, नाहीतर एकमेकांचे कुणीही नसतील!

हे झालं एक नाव आणि अनेक माणसं. आता उलट बाजू. एक माणूस आणि अनेक नावं.

मघाच्या दोन शिवाजींपैकी पहिला आठवतो ना, संभाजीमहाराजांचा मुलगा? १६८९ साली रायगड मोगलांनी घेतला, तेव्हा सात वर्षांचा हा मुलगा आईसह कैदेत गेला. आपण त्याला शिवाजी या नावाने ओळखतच नाही. तो म्हणजे शाहूमहाराज. कोल्हापूरचे राजर्षी शाहूमहाराज मात्र वेगळे. त्यांचं जन्मनाव यशवंतराव घाटगे. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरी मणिकर्णिका तांबे होत्या. लग्नात बाईचं नाव बदललं, की तिच्या माहेरचा धागा कागदावरून तुटतोच. म्हणून तर पणजोबांचं नाव पटकन सांगणारी मुलं पणजीचं नाव विचारलं की छताकडे बघतात.

'बाई, राजेरजवाड्यांची नावं चुकली तर परीक्षेत एक मार्क जाईल. त्यात एवढं काय?' असं विचाराल. तर ऐका.

पुनावळ्याहून चाकणला जा आणि तिथून नाशिक रस्त्याने पुढे गेलात की भीमेच्या काठी खेड लागतं. आज त्याला राजगुरुनगर म्हणतात. १७०७ साली औरंगजेब वारला आणि शाहूमहाराज सुटून महाराष्ट्रात आले. गेले तेव्हा सात वर्षांचे होते, आले तेव्हा पंचविशीचे. अठरा वर्षांत मूल किती बदलतं! गादी सांभाळणाऱ्या त्यांच्या चुलती ताराबाई म्हणाल्या, हा खरा शाहू नव्हे, हा तोतया आहे. आता फोटो नाही, शाळेचा दाखला नाही. खरं-खोटं करायचं कसं? ज्यांना जुनी ओळख होती, अशी माणसं भेटून आली, बोलून आली. परसोजी भोसले तर शाहूमहाराजांबरोबर एका ताटात जेवले, असं सांगतात. हा आपलाच, हे सगळ्यांना दाखवायची ती त्यांची रीत होती. त्याच वर्षी खेडला दोन फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांची खात्री पटली आणि ते शाहूमहाराजांना मिळाले. 'हा मुलगा कुणाचा?' या एका प्रश्नाने लढाईचं पारडं फिरलं.

पुढे काय झालं बघा. शाहूमहाराजांना गादीवर बसवायला मुलगा राहिला नाही. तेव्हा याच ताराबाईंनी सांगितलं, की माझा नातू रामराजा लपवून वाढवलेला आहे. १७४९ च्या डिसेंबरात शाहूमहाराज वारले आणि १७५० साली रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. पण आजीचं आणि नातवाचं पटेना. त्याच वर्षाच्या शेवटी ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि जाहीर केलं, की हा माझा नातू नव्हेच! १७५२ साली जेजुरीला देवासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. साक्षीदार एकच आणि तिचे जबाब दोन. रामराजे १७७७ पर्यंत छत्रपती राहिले खरे, पण तो डाग काही पुसला गेला नाही. म्हणून, मुलांनो, कुणी कुणाच्या आईबापांविषयी काही सांगितलं, की आधी दोन गोष्टी विचारायच्या. सांगणाऱ्याने हे कधी सांगितलं? आणि त्यात त्याचा काय फायदा होता?

आता राजवाडे सोडून आपल्या गावात येऊ. १९९७ साली पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. जिथे शेतं होती तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. जमिनीला भाव आला आणि घराघरातून जुने कागद बाहेर निघाले. वारस नोंदीसाठी वंशावळ हवी, जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ हवी. एकाच आडनावाची भावकी गावभर पसरलेली आणि दर घरात आजोबांचं नाव नातवाला. मग काय विचारता!

समजा, तुमचे पणजोबा गणपत आणि त्यांचे वडील रामा. जुन्या फेरफारात तुम्हाला 'गणपत रामा' सापडला. उड्या मारू नका. शाळेच्या रजिस्टरात पणजोबांचा जन्म १९१८ चा आहे आणि फेरफारातल्या गणपतने १९२२ साली जमीन खरेदी केली आहे. चार वर्षांचं पोर जमीन घेईल का? त्याच्या नावाने मोठ्या माणसाने घेतली असेल, तर नोंदीत 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता' असं लिहून त्या मोठ्या माणसाचं नाव दिलेलं असतं. तसं नसेल, तर हा गणपत दुसरा. भावकीतलाच कुणी असेल, पण तुमचा पणजोबा नव्हे. साधी वजाबाकी, तिसरीतली!

म्हणून नाव जुळलं तरी चार प्रश्न विचारल्याशिवाय रेघ जोडायची नाही. बाप कोण? आई किंवा बायको कोण? गाव कोणतं? साल कोणतं? जुन्या कागदांत याची उत्तरं दडलेली असतात. 'तुका बिन राघू' म्हणजे राघूचा मुलगा तुका. 'सगुणा कोम तुका' म्हणजे तुकाची बायको सगुणा. साल शकाचं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळेल. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. कागद मोडी लिपीत असेल, तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाज करू नका. आणि या सगळ्याच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीजवळ बसा. कोण कुठून दत्तक आलं, कोण कुणाच्या घरी दिली, हे तिला तोंडपाठ असतं.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. वंशावळीत चुकीचा माणूस जोडला जातो तेव्हा खरा माणूस गळतो. आणि कुणी न चुकता गळत असेल, तर ती आत्या आणि बहीण. 'दिल्या घरची' म्हणून तिची फांदी काढलीच जात नाही. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावण्याचा निर्णयही महाराष्ट्र सरकारने २०२४ साली घेतला. मग घरातल्या झाडावर ती का नको? मुलींशिवायचा वंशवृक्ष ही सुद्धा चुकलेलीच ओळख.

आणि मुलांनो, ही शेवटची गोष्ट नीट वाचा. राणी लक्ष्मीबाईंना १८५१ साली मुलगा झाला, दामोदर. काही महिन्यांतच तो गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात राजे गंगाधरराव मरणाला टेकले असताना नात्यातला आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचंही नाव ठेवलं दामोदर. एकाच आईबापांचे एकाच नावाचे दोन मुलगे. झाड काढताना त्यांना एक समजू नका, दोन फांद्या काढा. इंग्रजांनी या दुसऱ्या दामोदराला खाजगी मालमत्तेचा वारस मानलं, पण गादीचा मानलं नाही, आणि १८५४ साली झाशी खालसा केली. राणीने मात्र त्याला आपलाच मुलगा मानलं.

आपल्या वर्गातही कुणी दत्तक असेल, कुणाला वडिलांचं नाव माहीत नसेल, कुणी आजीकडे वाढत असेल. वंशवृक्ष काढायला सांगितला की अशी मुलं गप्प होतात, पेन्सिल चावत बसतात. त्यांच्या वहीत डोकावून हसायचं नाही. ज्यांनी वाढवलं त्यांची फांदी खरीच असते, ती ठळक रेघेने काढा. जन्माची फांदीही ठाऊक असेल आणि काढावीशी वाटली, तर तीही काढा, दुसऱ्या रंगाने. माहीत नसेल तिथे जागा कोरी ठेवा. खात्री नसेल तिथे तुटक रेघ काढा. कोरी जागा म्हणजे लाज नव्हे. खोटं नाव भरण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. पुढेमागे एखादा कागद सापडला, तर ती भरताही येईल.

तर या आठवड्याचा उपक्रम ठरला. चार पिढ्यांचं झाड काढा, प्रत्येक बाईचं माहेरचं नावही लिहा, आणि कुठली गोष्ट कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदात मिळाली, ते शेजारी बारीक अक्षरात टिपून ठेवा.

आणि जाता जाता हे कोडं. ताराबाईंचं पहिलं सांगणं खरं धरलं, तर रामराजे हे शाहूमहाराजांचे नात्याने कोण लागतात? मघाचं झाड काढलं असेल, तर उत्तर तुमच्या वहीतच आहे. आई-बाबांना विचारण्याआधी स्वतः बोट फिरवून बघा!

तुमच्या,
बाई