गॅस संपत नाही, तो गळतो!



उन्हाळा लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा फरक लगेच जाणवतो. बुलढाणा, चिखलीकडे त्यातल्या त्यात बरे असते. पण राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे निघाले की गाडीच्या खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या झळेसारखा अंगावर येतो. अशा दिवसांत आजाऱ्याला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायचे असेल, तर गाडीवाल्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "भाऊ, ए.सी. चालू आहे ना?"

गाडीतला ए.सी. एकेकाळी फक्त साहेबांच्या वाट्याला येई. आता तसे राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांत चालकाच्या केबिनला ए.सी. बंधनकारक झाला आहे. म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे, त्यालाही गारव्याचा हक्क मिळाला. हक्क मिळाला की त्या वस्तूची माहितीही हवी, नाहीतर तिचा खर्च आपल्यालाच खातो.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होते? ए.सी. थंड लागेना झाला की गाडी गॅरेजला जाते. तिथे उत्तर ठरलेले, "दादा, गॅस सरला. भरून घ्या." पैसे देऊन गॅस भरला जातो. दोन-चार महिने गारवा मिळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. हप्त्यावर गाडी घेऊन संसार चालवणाऱ्या भावाला हा दरवर्षीचा खर्च जड जातो. त्यात गिऱ्हाईक नाराज होते ते वेगळेच.

‘गॅस’ या शब्दाची गफलत

घरचा स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तो जळतो. कूलरमधले पाणी संपते, कारण ते वाफ होऊन उडून जाते. म्हणून ए.सी.चा गॅसही वापरून संपत असेल, असे आपल्याला वाटते. तसे नाही. ए.सी.चा गॅस बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो.

इंजिनाच्या जोरावर चालणारा कॉम्प्रेसर या गॅसला दाबतो. दाबल्यामुळे तो तापतो. गाडीच्या पुढच्या जाळीमागे कंडेन्सर असतो. तिथे ही उष्णता बाहेरच्या हवेला देऊन गॅसचा द्रव होतो. हा द्रव एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. दाब एकदम उतरल्याने तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो गाडीतली उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते, तेच हे कारण. फरक एवढाच, की माठातली वाफ उडून जाते आणि इथली वाफ परत कॉम्प्रेसरकडे येते.

म्हणून हे पक्के लक्षात ठेवावे, की गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे खरे. पाच-सहा वर्षांनी एकदा भरावा लागला तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर ती गळतीच होय. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय कॉम्प्रेसरचे तेल याच गॅसबरोबर फिरते. गळतीतून तेही जाते, आणि तेलावाचून चाललेला कॉम्प्रेसर एक दिवस जाम होतो. मग शेकड्यांत होणारे काम हजारांवर जाते.

गॅरेजला जाण्यापूर्वी घरी काय पाहावे?

पहिली गोष्ट, हवा जोराने येते का? पंखा पूर्ण सोडूनही वारा कमी लागत असेल, तर दोष बहुधा गॅसचा नाही. नव्या गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो. आपल्या रस्त्यांच्या धुळीने तो वर्षभरात गच्च भरतो. तो काढून पाहावा, खराब असेल तर बदलावा.

दुसरी गोष्ट, हवा भरपूर आहे पण गरम आहे का? तापमानाचे बटण थंडच्या टोकाला असल्याची खात्री करावी. मग गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडावे आणि दुसऱ्याला ए.सी. लावायला सांगावे. पट्टा व पंखा फिरत असतो, म्हणून उपरणे, ओढणी, पदर दूर ठेवावा. बऱ्याच गाड्यांत ए.सी. लावताच ‘टक्’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या पुलीची पुढची चकती फिरू लागते. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तिथे आवाज येणार नाही. क्लच असूनही चकती फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, वायर किंवा प्रेशर स्विच तपासून घ्यावा. गॅस फार कमी झाला की हाच स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. तो कॉम्प्रेसरचा राखणदार आहे. वायर जोडून त्याला टाळण्याचा ‘जुगाड’ कोणी करीत असेल, तर करू देऊ नये.

तिसरी गोष्ट, रस्त्यावर गार आणि उभ्या गाडीत गरम असे होते का? मेहकरहून समृद्धी महामार्गाने जाताना छान थंड, पण खामगावच्या बाजारात गर्दीत अडकले की गरम, असे असेल तर कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही ते पाहावे. पंखा ठीक असेल तर जाळी पाहावी. आपला जिल्हा कपाशीचा आणि सोयाबीनचा. कापसाचे तंतू, मळणीचा भुसा आणि धूळ कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत अडकून गोधडीसारखा थर बसतो. उष्णता बाहेर जाणार कशी? इंजिन थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने ही जाळी हलक्या हाताने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

चौथी गोष्ट, अर्धा-पाऊण तास छान गार, मग वारा कमी होत जातो, आणि ए.सी. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, असे होते का? मग कूलिंग कॉइलवर बर्फ धरत आहे. इथे थर्मोस्टॅट किंवा सेन्सर तपासावा लागतो.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नये. ए.सी. चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकणे हे चांगले लक्षण आहे, ती हवेतली ओल असते. तेच पाणी आत पायाशी साचले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. आणि घाट चढताना ए.सी. क्षणभर मंदावला तर काही गाड्यांत तो दोष नसतो. इंजिनाला पूर्ण ताकद हवी असते तेव्हा किंवा इंजिन फार तापले असता कॉम्प्रेसर आपोआप सुटतो. घाट संपल्यावरही गारवा परत आला नाही, तर इंजिनाचे तापमान आधी पाहावे.

मीटर काय सांगतो?

मेकॅनिक दोन घड्याळांचा मीटर लावतो. निळे कमी दाबाचे, लाल जास्त दाबाचे. ए.सी. चालू असताना दोन्ही काटे कमी दाखवत असतील तर गॅस कमी असण्याचा संभव असतो. दोन्ही फार वर असतील तर कंडेन्सर उष्णता टाकत नाही किंवा गॅस जास्त भरला आहे. निळा वर आणि लाल खाली असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. म्हणजे ‘थंड होत नाही’ या एकाच तक्रारीची कारणे वेगवेगळी असतात.

बंद गाडीत मीटर लावून "दाब भरपूर आहे, गॅस फुल आहे" म्हणणेही बरोबर नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी ४० अंश तापमानाला बंद यंत्रणेतला त्याचा दाब सुमारे १३० पीएसआय दिसतो. मग गॅस पूर्ण असो की निम्मा. म्हणून गॅस काट्यावर नव्हे, तर वजनावर भरावा. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते.

मेकॅनिकला नम्रपणे, पण स्पष्टपणे चार गोष्टी विचाराव्यात. गळती कुठे आहे, ते साबणाच्या फेसाने, डायने किंवा यंत्राने दाखवाल का? गळती दुरुस्त केल्यावर व्हॅक्यूम किती वेळ कराल? गॅस किती ग्रॅम भराल? आणि हे सगळे बिलावर लिहाल का? गळती तपासण्यासाठी नायट्रोजनचा दाब चालतो. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. स्वस्त म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरू पाहील तर गाडी तशीच माघारी आणावी. तो पेट घेणारा आहे.

हवेत गळालेल्या गॅसची किंमत आपल्या खिशाबाहेरही मोजावी लागते. पूर्वीचा आर-१२ गॅस ओझोनचा थर विरळ करी. त्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो गळाला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. हे गॅस कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. उन्हाच्या झळांनी हैराण होऊन आपण ए.सी. लावतो आणि त्याच्या गळतीने त्या झळा वाढवतो, हे बरे नव्हे.

यात सगळा दोष मेकॅनिकचा असतो असेही नाही. "लवकर भरून दे, भाडे थांबले आहे," असा तगादा आपणच लावतो. चांगल्या कारागिराला गळती शोधायला वेळ द्यावा आणि त्या वेळेचे पैसेही द्यावेत. दहावी झालेल्या मुला-मुलींनी आय.टी.आय.मधील रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा जरूर विचार करावा. गाड्या वाढत आहेत, ऊनही वाढत आहे. ‘गॅस भरणारे’ चौकाचौकांत भेटतील. दोष शोधणारा शिकलेला हात मात्र अजून कमी आहे, आणि त्या हाताला काम कमी पडणार नाही.

आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी, गाडीच्या खर्चात ‘ए.सी. गॅस’ ही नोंद सलग दोन उन्हाळे दिसली, तर तिसऱ्या वेळी पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे, "गळती सापडली का?"