वयाचे आहे, जाईल

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्याकडे एक काकू येतात. वय बहात्तर. दवाखाना पहिल्या मजल्यावर असल्यामुळे त्यांना जिन्यावर धाप लागते, म्हणून आधाराला नात असते. नात दहावीत शिकते. करोनाची साथ ओसरून बराच काळ लोटला, दवाखान्यातल्या बाकीच्या सगळ्यांचे मास्क केव्हाच गेले, तरी या मुलीचा मास्क उतरला नव्हता. मी समजत होतो की मुलगी समंजस आहे, आजीला जपते आहे.

एके दिवशी काकूंनीच विषय काढला. "डॉक्टर, हिला जरा समजावून सांगा. परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायचा आहे, तर ही फोटोवाल्याकडे जायला तयार नाही. चार पुटकुळ्या काय आल्या तोंडावर, त्याचं केवढं अवडंबर!" मी मुलीला मास्क काढायला सांगितले. कपाळ, गाल आणि हनुवटीवर लालसर मुरुमे होती. काहींत पू झालेला, जुन्यांच्या जागी काळपट डाग. वैद्यकीय मोजमापाने मध्यम स्वरूपाचा आजार. बाहेर तापाचे रुग्ण ताटकळले होते. मी म्हणालो, "वयाचं आहे, जाईल." तिने मान हलवली आणि मास्क पुन्हा चढवला.

पुढच्या महिन्यात काकू एकट्याच आल्या. कठड्याला धरून, दोनदा थांबून जिना चढल्या होत्या. नात आता शाळेखेरीज कुठेच जात नव्हती. स्नेहसंमेलनातल्या नाचातून तिने नाव काढून घेतले होते. वर्गात पहिल्या बाकावरून ती शेवटच्या बाकावर गेली होती. मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी पोटात दुखते म्हणून घरी राहिली, आणि सगळे बाहेर पडल्यावर तिचे पोट थांबले. काकू हे तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. मला मात्र माझे वाक्य आठवत होते. जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात ते मी किती मुलामुलींना ऐकवले असेल, याचा हिशेब नाही.

मुरुमांनी जीव जात नाही. म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी आणि आपण घरातली वडीलधारी माणसे त्यांना आजारांच्या यादीत धरत नाही. पण मुरुमे मोजून त्रास मोजता येत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या फार पूर्वी ध्यानात आले. ब्रिटनमधील कार्डिफ येथील तज्ज्ञांनी 1992 साली केवळ पाच प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मुरुमांमुळे गेल्या महिन्यात चिडचिड किंवा लाज वाटली का, लोकांत मिसळणे कमी झाले का, अंगावरील मुरुमे दिसतील म्हणून चारचौघांत कपडे बदलणे किंवा पोहायला जाणे टाळले का, आपल्या त्वचेविषयी मनात काय येते, आणि आपल्या मते हा त्रास किती मोठा आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण पंधरा. लक्षात घ्या, यातला एकही प्रश्न पुटकुळ्यांच्या संख्येचा नाही. गालभर मुरुमे असूनही मैदान गाजवणारा मुलगा आणि दोनच मुरुमांनी घरात कोंडून घेतलेली मुलगी, दोघेही मी पाहिले आहेत.

1999 साली ब्रिटनमध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुरुमांच्या रुग्णांची तुलना इतर दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांशी केली गेली. मुरुमांच्या रुग्णांनी सांगितलेला मानसिक आणि सामाजिक त्रास हा दमा, अपस्मार, मधुमेह, पाठदुखी आणि संधिवात यांच्या रुग्णांइतकाच होता. हा निष्कर्ष मी काकूंना सांगितला तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्याकडे गेला. संधिवात काय असतो, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती.

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," असे अनेक ज्येष्ठ वाचक म्हणतील. त्यात तथ्यही आहे. आपल्या लहानपणी देवीच्या व्रणांनी भरलेले चेहरे घरोघरी होते आणि ती माणसे मानाने वावरत होती. परंतु आपण आरशात दिवसातून दोनदा पाहत होतो. आजच्या मुलाला स्वतःचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर दिवसभर दिसत राहतो, आणि शेजारी मैत्रिणींचे चेहरे असतात, तेही यंत्राने गुळगुळीत केलेले. वर्गाच्या समूहात एखादा फोटो पडला की त्यावर शेरे येतात. शाळेतली टोपणनावे तर आपल्याही काळी होती. ती आता सुट्टीच्या घंटेबरोबर थांबत नाहीत, घरापर्यंत पाठलाग करतात.

वयात येताना शरीरात पुरुषी संप्रेरके वाढतात; ती मुलींमध्येही असतात. त्यांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीचे तोंड मृत पेशींनी बंद होते. आत तेल तुंबते, त्वचेवर एरवीही राहणारे जंतू तिथे फोफावतात, आणि सूज येऊन पुटकुळी होते. म्हणजे चेहरा न धुतल्यामुळे मुरुमे येतात, हा समज चुकीचा आहे. काळ्या टोकाच्या पुटकुळीचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो. घासून घासून चेहरा धुणाऱ्या मुलांची त्वचा उलट अधिक चिडते. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुणे पुरे. "अंगातली उष्णता बाहेर पडते आहे" आणि "पोट साफ नाही" ही आपली आवडती निदानेही बाजूला ठेवावीत. आनुवंशिकता मात्र खरी. काकूंच्या मुलालाही, म्हणजे या मुलीच्या वडिलांना, कॉलेजात असताना अशीच मुरुमे होती. त्याला तेव्हा काय बोललो, हेही त्यांना आठवले आणि त्या जरा गप्प झाल्या.

खाण्यापिण्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारले जाते. 1969 साली अमेरिकेत पासष्ट जणांवर चॉकलेटचा प्रयोग झाला आणि चॉकलेट निर्दोष ठरले. पुढे त्या प्रयोगावर टीका झाली, कारण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते. नंतर 2007 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात, रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार बारा आठवडे घेतलेल्या तरुणांची मुरुमे कमी झालेली आढळली. तेव्हा गोड पेये, मैदा आणि साखर आवरावी, हे सांगायला हरकत नाही. पण ताटात वाढलेल्या भज्याकडे पाहून "खा अजून, येऊ देत अजून" असे म्हणू नये. भजे आणि मुरूम यांचा संबंध एवढा सरळ नाही. त्या वाक्याचा आणि मुलीच्या ताटावरून उठण्याचा संबंध मात्र सरळ असतो.

घरच्या उपायांविषयी मी थोडा जपूनच बोलतो, कारण त्यामागे आजीची माया असते. उगाळलेल्या जायफळाने आणि लिंबाच्या रसाने त्वचा पोळलेली मी पाहिली आहे, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा प्रत्येक दाहाचा काळा डाग उरतो, तो महिनोन्‌महिने जात नाही. टूथपेस्ट लावण्याचे खूळ तर मुलेच कुठूनतरी शिकून येतात. पुटकुळी फोडू नये, हे आपण जाणताच. एक गोष्ट मात्र आज्यांच्या हातात आहे, ती म्हणजे डोक्याचे तेल. रोज सकाळी चपचपीत तेल लावून वेणी घातली की ते कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात. तेल लावायचेच, तर न्हाण्याच्या आधी लावावे.

या सर्वांहून मला भीती वाटते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुचवलेल्या गोरे करणाऱ्या मलमांची. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस लाली उतरते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो, आणि मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस येतात, मुरुमे अधिकच उसळतात. मलम थांबवले की आग होते, म्हणून मुलगी ते पुन्हा लावते. 2018 साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, तरी ती अजून सहज मिळतात. घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. सौम्य ते मध्यम आजारात बहुधा अ‍ॅडापॅलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड ही दोन मलमे पुरतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढे मलम पूर्ण भागावर पसरायचे. केवळ पुटकुळीवर टिंब द्यायचे नाही. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलवटते. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि सगळे घोडे इथेच अडते. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून मुले औषध सोडतात, पालक डॉक्टर बदलतात. प्रतिजैविकाच्या गोळ्या काही जणांना लागतात, पण त्या एकट्या आणि अमर्याद काळ घ्यायच्या नसतात. आयसोट्रेटिनॉइन हे गंभीर मुरुमांवरचे प्रभावी औषध त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गर्भावस्थेत त्यामुळे बाळात व्यंग निर्माण होते. मुलीची पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर अंडाशयांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी.

नातीला मी पुन्हा बोलावले, या वेळी गर्दी नसताना. आधी तिची क्षमा मागितली. मग ते पाच प्रश्न विचारले. पंधरापैकी बारा गुण झाले. एवढ्यावर न थांबता झोप, भूक आणि अभ्यास यांविषयी विचारले, आणि आणखी एक अवघड प्रश्न विचारला: जगणे नकोसे वाटते का? असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिने "नाही" म्हटले, पण लगेच म्हटले नाही. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायचे ठरले आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मी तिच्या वहीत आणि काकूंच्या कागदावर, दोन्हीकडे लिहून दिला. आपल्या घरातले मूल गप्प राहू लागले, जेवण टाकू लागले, रात्र रात्र जागू लागले किंवा "मी नसतो तर बरं" असे काही बोलले, तर मुरुमांची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

काकूंना मी दोनच कामे दिली. चेहऱ्याबद्दल, चांगले किंवा वाईट, घरात कोणी काही बोलायचे नाही. पाहुण्यांनी विषय काढला तर तो काकूंनी वळवायचा. आणि रात्री मलमाची आठवण करायची. त्यांनी ट्यूब स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवली. रात्री नऊला आजीची गोळी आणि नातीचे मलम. एखाद्या रात्री नातच आजीला गोळीची आठवण करते, असे ऐकतो.

फोटो अर्जाच्या शेवटच्या दिवशी निघाला. तेव्हा उपचारांना जेमतेम तीन आठवडे झाले होते, चेहरा होता तसाच होता. बरोबर आजी गेली होती, एवढाच काय तो फरक. आता चौथा महिना आहे. नवी मुरुमे क्वचित येतात, डाग अजून आहेत. मास्क दप्तरात असतो, कधी लावते, कधी नाही. गेल्या वेळी काकूंची एकच तक्रार होती. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, हे सांगायला मी विसरलो होतो, आणि त्यांच्या घरच्या तीन रंगीत उशांचे अभ्रे पांढरे पडले आहेत. त्यांची किंमत त्या माझ्या फीमधून वजा करणार आहेत.