रोजच्या मेकअपच्या नावाखाली

सिनेतारकांचा मेकअप करणारा नामवंत कलाकार गावात येतो. हॉटेलचा हॉल घेतला जातो, बायकांकडून हजारोंची फी गोळा होते. नितळ त्वचेची, गोरीपान मॉडेल उंच खुर्चीत बसते आणि दोन-तीन तास तिच्या चेहऱ्यावर हात फिरत राहतो. शेवटी सगळ्यांचे फोटो निघतात, सर्टिफिकेट वाटली जातात. जाहिरातीत याला ‘रोजचा मेकअप शिका’ म्हटलेलं असतं. मी पार्लर चालवते. अशा वर्कशॉपमधून परतलेल्या मुली आणि बायका माझ्याकडे येतात, म्हणून स्पष्टच लिहिते: ही शिकवणी नाही, फसवणूक आहे.

या मंडळींच्या हातातल्या कसबाबद्दल मला शंका नाही. मेकअपमन पंढरीदादा जूकरांचं नाव घेतलं की या धंद्यातली माणसं आजही आदराने कानाला हात लावतात. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या 2011 च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘बालगंधर्व’मध्ये केलं तसं पुरुषाच्या चेहऱ्यातून रंगभूमीवरची नायिका उभी करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण ते काम कॅमेऱ्यासाठी होतं, भूमिकेसाठी होतं. साडेआठची लोकल गाठणाऱ्या बाईचा चेहरा हे वेगळं काम आहे आणि त्याची विद्याही वेगळी आहे.

फरक कुठे आहे ते बघा. समोरून प्रखर दिवे पडले की चेहरा सपाट दिसतो. नाकाची, गालाची ठेवण हरवते. ती परत आणण्यासाठी कॉन्टूर करतात. खिडकीतून किंवा वरून पडणाऱ्या साध्या उजेडात चेहऱ्याला सावल्या असतातच, त्यावर कॉन्टूर ओढलं की गालावर तपकिरी पट्टे दिसतात. डोळ्यांखाली पावडरचा थर देऊन ‘बेकिंग’ करणं शूटिंगमध्ये खपतं, कारण तिथे मेकअपदादा स्पंज घेऊन दोन हातांवर उभा असतो. आपल्याकडे जुलैच्या दमटपणात किंवा नागपूरच्या मे महिन्यात तोच थर तासाभरात सुरकुत्यांत जाऊन बसतो आणि बाई आहे त्याहून वयस्कर दिसते. हे त्या कलाकाराला ठाऊक नसतं असं मी मानत नाही. ठाऊक असूनही तो सांगत नाही, कारण सांगितलं तर सामानाची यादी निम्म्यावर येईल.

माझ्याकडे काम करणारी एक मुलगी बचत गटातून कर्ज काढून अशा वर्कशॉपला गेली. परत आल्यावर तिने शिकल्याप्रमाणे स्वतःचा मेकअप केला. प्राइमर, करेक्टर, फाउंडेशन, कन्सीलर, पावडर, सगळं रीतसर. ट्यूबलाइटखाली ठीक वाटत होतं. मी तिला दाराशी, दिवसाच्या उजेडात आणलं. चेहरा राखाडी पडला होता आणि हनुवटीच्या खाली मान वेगळ्याच माणसाची वाटत होती. शेड कुणी सांगितली, विचारलं. म्हणाली, “सरांनीच सांगितलं, ताई, एक शेड उजळ घ्यायची म्हणजे फ्रेश दिसतं.” त्या हॉलमध्ये तिने एकदाही ब्रश हातात धरला नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

मला सर्वांत जास्त चीड या ‘एक शेड उजळ’ची येते. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि 2020 साली तिच्या नावातून ‘फेअर’ गेलं. डबीवरून गेलेला शब्द या स्टेजवर मात्र ठाण मांडून बसला आहे. सावळी त्वचा म्हणजे दुरुस्त करायची चूक, असं शिकवणारा माणूस कितीही मोठ्या नटीचा मेकअप करत असो, तो वाईट शिक्षक आहे. शेड जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात बघायची. मनगटावर बघायची नाही, कारण हाताचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही. लावल्यावर थोडा वेळ थांबायचं, कारण बऱ्याच फाउंडेशनचा रंग वाळल्यावर गडद होतो. डोळ्यांखालच्या काळसर भागावर आधी अगदी पातळ नारिंगी करेक्टर लावायचा, मग कन्सीलर जेमतेम लागतो. मूळ मुद्दे एवढेच. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, आणि तेवढंच नेमकं गाळलं जातं.

आणखीही गाळलं जातं. आपल्या बायका रोज वापरतात ती टिकली. स्वस्त टिकलीच्या गोंदातल्या काही रसायनांनी कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ हे कित्येक वर्षं सांगत आले आहेत. खाज किंवा फिकटपणा दिसला की टिकली त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जायला हवं. एकीचं काजळ दुसरीने लावलं की डोळ्यांचा संसर्ग पसरतो. स्पंज आणि ब्रश धुतले नाहीत तर पुरळ येतं. फाउंडेशनवर एसपीएफ छापलेलं असलं तरी ते सनस्क्रीनची जागा घेत नाही, कारण पुरेसं संरक्षण मिळेल इतकं फाउंडेशन कुणी लावतच नाही. रात्री मेकअप नीट उतरवणं हा तर रोजच्या मेकअपचा अर्धा भाग आहे. त्या हॉलमध्ये यातलं एक अक्षर निघत नाही, कारण यातून विकण्यासारखं काही नसतं.

या धंद्याचा इतिहासही विसरू नका. मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप कलाकारांच्या संघटनेने अनेक दशकं बाईला मेकअप कलाकार म्हणून सदस्यत्वाचं कार्ड दिलं नाही. तिने फक्त केस करायचे. चारू खुराना आणि त्यांच्यासारख्या काही जणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने ही बंदी बेकायदा ठरवली. त्या सगळ्या काळात रोजच्या चेहऱ्यांचं काम गल्लीबोळातल्या पार्लरवाल्या बायकांनी केलं. तेलकट, सावळे, वांग आलेले, घामाने थबथबलेले असे हजारो चेहरे त्यांच्या हाताखालून गेले. ती विद्या त्यांच्याकडे आहे. पण त्यांच्या नावामागे सिनेमा नाही, म्हणून तिला किंमत नाही, आणि किंमत न देण्यात आपण सगळ्या सामील आहोत.

म्हणून बायांनो, फी भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. माझ्या चेहऱ्यावर, माझ्या हातांनी करून घेणार का? दिवसाच्या उजेडात दाखवणार का? माझ्याकडे आहे त्या चार-पाच वस्तूंत भागवून दाखवणार का? तिन्हींना ‘हो’ मिळालं तर खुशाल जा, कलाकार कितीही मोठा असो. एकालाही ‘नाही’ आलं, तर ते पैसे घरात ठेवा आणि आपल्या गल्लीतल्या पार्लरवालीकडे एक तास बसा. तिच्या कामाचे पैसे मात्र न घासाघीस करता द्या.