मॉर्फिन सुरू असलेल्या रुग्णाचं ऑपरेशन: नेहमीचं इंजेक्शन का पुरत नाही?

समजा, पाथर्डीतल्या एका कॅन्सर रुग्णाला मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधून रोज मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. घरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशन अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) करावं लागलं. ऑपरेशन नीट झालं, पण इतरांना पुरणारा डोस देऊनही रुग्ण रात्रभर कळवळतोय. 'याला गोळ्यांची चटक लागलीय' असं कुणी सहज म्हणून जाईल. खरं कारण वेगळं आहे.

टॉलरन्स म्हणजे काय?

मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल ही ओपिऑइड गटातली औषधं. ती सलग घेतली की शरीर त्यांना सरावतं आणि तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होतो. अमेरिकेच्या एफडीएच्या निकषानुसार, किमान आठवडाभर रोज ६० मिलिग्रॅम मॉर्फिन पोटात जात असेल, तर तो रुग्ण 'टॉलरंट' धरला जातो. टॉलरन्स म्हणजे व्यसन नव्हे.

अर्थात, व्यसन असलेल्यांनाही ऑपरेशन लागतं. २०१९ च्या केंद्र सरकारच्या अहवालानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या वापरामुळे उपचारांची गरज आहे. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यात महाराष्ट्रही आहे. ऑपरेशननंतरची वेदना त्यांनाही तितकीच होते.

मग डॉक्टर काय करतात?

पहिला नियम म्हणजे रोजचा डोस अचानक बंद करायचा नाही. बंद केला तर वेदनेत घाम, जुलाब, अस्वस्थता अशा विथड्रॉवलच्या त्रासाची भर पडते. ऑपरेशनच्या वेदनेसाठीचं औषध या डोसच्या वर दिलं जातं. नस बधिर करणारा ब्लॉक, पॅरासिटामॉल, कमी डोसमधलं केटामाइन यांची जोड दिली की ओपिऑइड कमी लागतं. पेंटाझोसिन मात्र इथे टाळतात, कारण ते मॉर्फिनचा परिणाम अडवून विथड्रॉवल सुरू करू शकतं. डोस मोठा असल्याने रुग्णाचा श्वास आणि गुंगी यांवर सतत लक्ष ठेवावं लागतं.

मॉर्फिन सगळीकडे का मिळत नाही?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागायचे. त्या कटकटीपायी बरीच हॉस्पिटलं ते ठेवतच नसत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसह ६ औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. पण ती मान्यता हॉस्पिटलने स्वतः अर्ज करून घ्यावी लागते. जिथे ती नाही, तिथे पाथर्डीच्या रुग्णाची रात्र तशीच जाणार.

नातेवाइकांनी काय करावं?

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. त्वचेवर लावलेला पॅच असेल तर तो दाखवा. व्यसन असेल तर तेही लपवू नका. लाजेपोटी लपवलेल्या माहितीमुळे डोस कमी पडू शकतो किंवा जीवघेणा जास्तही होऊ शकतो.