परदेशांतील पाहुणा आणि मुखपट्टी

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिचा अर्थ बहुधा इतकाच केला जातो कीं, थंड मुलखांत लोकरीचे कपडे घालावे आणि उष्ण मुलखांत सुती. पण हा अर्थ केवळ शरीराच्या सोयीचा झाला. ज्याच्या घरीं आपण जातों त्याच्या घरची रीत पाहून वागावें, हा त्या म्हणीचा खरा आशय होय. अलीकडे आपल्यापैकीं अनेक कुटुंबांतील माणसें विद्येसाठीं, नोकरीसाठीं अथवा नुसत्या देशदर्शनासाठीं परदेशीं जातात. निघतांना पैसा, तिकीट, औषधें, लोणच्याची बरणी, सर्व कांहीं आठवणीनें घेतलें जातें. परंतु तोंडावर बांधावयाच्या वीतभर पट्टीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. कोरोनाची सांथ ओसरली, आतां मास्कचें काय काम, असें आपण म्हणतों. माझ्या मतें हा विचार अपुरा आहे. जपानसारख्या देशांत जाणाऱ्यास मुखपट्टीचा शिष्टाचार तेथील नमस्काराइतकाच आवश्यक आहे. आणि तेथें कायद्याची सक्ति नाहीं म्हणूनच तो अधिक आवश्यक आहे.

मुखपट्टी कोणासाठीं बांधावयाची, हा पहिला प्रश्न. ती स्वतःच्या रक्षणासाठीं असते, अशी आपली सामान्य समजूत. त्यामुळें ‘मला रोगाचें भय वाटत नाहीं, मग मी ती कां बांधावी?’ असा प्रश्न धीट माणूस विचारतो व आपण मोठें शौर्याचें बोललों असें त्यास वाटतें. परंतु खोकतांना, शिंकतांना, इतकेंच नव्हे तर मोठ्यानें बोलतांनाही आपल्या तोंडावाटे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. ते हवेंत पसरल्यावर प्रत्येकानें त्यांपासून स्वतःस वांचविण्यापेक्षां उगमापाशींच ते अडविणें सोपें असतें. म्हणून पडसें झालेल्या मनुष्यानें बांधलेली पट्टी त्याच्यापेक्षां त्याच्या शेजाऱ्याच्या अधिक कामीं येते. तेव्हां येथें प्रश्न धैर्याचा नसून शेजारधर्माचा आहे.

दुसऱ्यासाठीं आपलें तोंड झांकणें ही कल्पना आपणांस अगदीं परकी आहे असेंही नाहीं. आपल्या गांवांतून पायीं जाणाऱ्या स्थानकवासी जैन साधुसाध्वींच्या मुखावर मुहपत्ती असते. आपल्या श्वासानें व बोलण्यानें सूक्ष्म जीवांस इजा होऊं नये, हा तिचा हेतु. पारशी धर्मगुरु पवित्र अग्नीसमोर उभे राहतात तेव्हां तोंडासमोर ‘पदान’ नांवाचें शुभ्र वस्त्र बांधतात; आपल्या श्वासानें अग्नि विटाळूं नये, ही त्यांची भावना. या दोन्ही ठिकाणीं पट्टी बांधणारा स्वतःस जपत नाहीं. तो दुसऱ्यास जपतो. हें ध्यानांत घेतलें म्हणजे जपानी माणसाचें मन समजण्यास अडचण पडत नाहीं.

जपानांत ही चाल कोरोनापासून पडली, असें कित्येकांस वाटतें. तें बरोबर नाहीं. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाच्या ज्या सांथीनें आपल्या मुंबईसही होरपळून काढिलें, तीच सांथ जपानांत पोंचली. आणि तेथील सरकारच्या आरोग्यखात्यानें चित्रें छापून लोकांस मुखपट्टी बांधण्याचा उपदेश केला. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर लांकडासाठीं तेथील डोंगरांवर ‘सुगी’ नांवाच्या उंच वृक्षांची प्रचंड लागवड झाली. नांव ऐकून आपणांस सुगीचे दिवस आठवतील. पण या सुगीचा पराग फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत वाऱ्यावर उडतो आणि लक्षावधि लोकांचीं नाकें व डोळे वाहूं लागतात. त्यावरही मुखपट्टी हाच सोपा उपाय ठरला. पुढें ‘सेकी एचिकेत्तो’, म्हणजे खोकल्याचा शिष्टाचार, असा शब्दच तेथें रूढ झाला. यावरून प्रवाशानें एक गोष्ट शिकावी. जपानांत पट्टी बांधलेला मनुष्य दिसला कीं तो रोगी आहे, असें समजून दूर सरूं नये; आणि त्यास कारण तर मुळींच विचारूं नये.

पाहुण्यानें यजमानाचें न ऐकल्यास काय होतें, याचें एक दुःखद उदाहरण जपानच्या शेजारीं, मांचुरियांत घडलें. १९१० च्या हिंवाळ्यांत हार्बिन शहरीं प्लेगची भयंकर सांथ सुरू झाली. पिनांग येथें जन्मलेले व केंब्रिज येथें शिकलेले डॉ. वू लियन-तेह हे अवघ्या एकतिसाव्या वर्षीं तिच्या निवारणासाठीं पाठविले गेले. मुंबईंत १८९६ सालीं आलेला प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळें पसरे; हा प्लेग फुप्फुसांचा असून श्वासावाटे पसरतो, असें त्यांनीं ओळखलें, आणि कापूस व जाळीदार कापड यांची साधी मुखपट्टी सर्वांनीं बांधावी असा आग्रह धरिला. डॉ. मेस्नी नांवाचे एक अनुभवी फ्रेंच वैद्य तेथें आले होते. त्यांस या तरुण चिनी डॉक्टराचें म्हणणें मानवलें नाहीं. ते मुखपट्टीवांचून रुग्ण तपासूं लागले, आणि जानेवारी १९११ मध्यें थोड्याच दिवसांत त्याच रोगानें मृत्यु पावले. ते भित्रे नव्हते, आळशीही नव्हते. रुग्णसेवेसाठींच ते गेले होते. परंतु ‘येथल्या माणसास माझ्याहून अधिक कळत असेल’ एवढी शंका त्यांच्या मनांत आली नाहीं. त्या सांथींत सुमारें ६० हजार माणसें दगावलीं. पाहुणा कितीही विद्वान् असला तरी त्यानें घरच्या माणसाचा शब्द ऐकावा, हा धडा यापेक्षां कठोर रीतीनें कसा मिळावा?

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, ‘तेथें आतां सरकारनेंच मोकळीक दिली आहे, मग आम्हींच हें ओझें कां वाहावें?’ ही मोकळीक खरी आहे. कोरोनाच्या काळांतही पट्टी न बांधणाऱ्यास दंड करणारा कायदा जपाननें केला नव्हता. आणि १३ मार्च २०२३ पासून तर ती बांधणें न बांधणें हें ज्याच्या त्याच्या विवेकावर सोंपविण्यांत आलें. परंतु विवेकावर सोंपविणें म्हणजे विवेक सोडून देणें नव्हे. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरानें १९१८ सालीं दंडाच्या धाकानें मुखपट्टी लाविली; तेव्हां १९१९ च्या जानेवारींत तेथील लोकांनीं तिच्याविरुद्ध संघच स्थापन केला. कायदा पट्टी तोंडावर बांधूं शकतो, मनावर नाहीं. जेथें शिपाई नाहीं, दंड नाहीं, तेथेंच मनुष्याची खरी सभ्यता दिसते. आणि परदेशीं ती एकट्याची परीक्षा राहत नाहीं; आपल्या वागण्यावरून लोक आपल्या देशाची पारख करितात.

तर मग प्रवाशानें प्रत्यक्ष काय करावें? सामानांत चार-सहा स्वच्छ मुखपट्ट्या असूं द्याव्या. सर्दी-खोकला असेल तर न विसरतां एक बांधावी, आणि शक्य तर गर्दींत जाऊंच नये. रुग्णालयांत अथवा वृद्धांच्या आश्रमांत कोणास भेटण्यास जावयाचें तर दारावरील सूचना वाचावी. आपण धडधाकट आहों ही सबब तेथें चालत नाहीं. गच्च भरलेल्या आगगाडींत आसपासच्या लोकांकडे पाहून वागावें, आणि पट्टी असो वा नसो, मोठ्यानें बोलूं नये. पट्टी नाक व तोंड दोन्ही झांकील अशी असावी. हनुवटीवर लोंबणारी पट्टी ही निव्वळ शोभा होय. विमानतळावर अधिकाऱ्यानें चेहरा दाखविण्यास सांगितलें तर तत्काळ ती काढावी. त्यांत अपमान नाहीं. जेवतांना काढलेली पट्टी ताटाशेजारीं ठेवूं नये, पिशवींत ठेवावी. वापरलेली पट्टी रस्त्यावर तर टाकूं नयेच. जपानांत रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या फार थोड्या असतात, म्हणून ती कागदांत गुंडाळून मुक्कामीं न्यावी. पट्टी बांधलेल्या लोकांचीं छायाचित्रें गंमत म्हणून काढणें हा तर उघड असभ्यपणा होय.

याबरोबर एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शिष्टाचार स्वतः पाळावयाचा असतो, दुसऱ्यावर लादावयाचा नसतो. दोन वर्षांखालील बालकास पट्टी बांधूं नये, त्याचा श्वास कोंडण्याचें भय असतें, असा इशारा जपानमधील बालरोगतज्ज्ञांनींच २०२० सालीं दिला होता. कोणास दमा असतो. कोणी बहिरा दुसऱ्याच्या ओठांवरून बोलणें ओळखतो, आणि त्याच्यासाठीं क्षणभर पट्टी दूर करणें हीच सभ्यता होय. शिवाय तेथील एखादा रहिवासी मोकळ्या तोंडानें फिरत असेल तर पाहुण्यानें त्यास शिकवूं नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक जण उद्यां दूरदेशीं जातील. तेथील भाषा तुम्हांस नीट येणार नाहीं, चालीरीतींत चुका होतील. लोक त्या हंसून सोडून देतील. पण माझ्यामुळें शेजाऱ्यास त्रास होऊं नये, ही काळजी तुमच्या वागण्यांत दिसली, तर ती सर्व देशांत समजते. आणि तिचा अभ्यास परदेशीं जाईपर्यंत तहकूब ठेवण्याचें कारण नाहीं. आपल्या वर्गांतही पावसाळ्यांत खोकला असतोच, आणि प्रत्येकाच्या बाजूस बांकावर कोणीतरी बसलेलें असतेंच. पालकांनीं मुलास रुमाल देतांना तो कोणासाठीं आहे, हेंही सांगावें.